गवताच्या सात गाड्या

फार पूर्वीची गोष्ट, छडीवाले मास्तरसुद्धा जन्माला आले नव्हते तेव्हाची. एका डोंगरी राज्यात एक सेनापती होता. मिशा एवढ्या मोठ्या, की दरबारात आधी मिशा यायच्या आणि मागून सेनापती.

त्याच्या पणजोबाने गवताच्या गाड्यांत शिपाई लपवून दूरचा एक गड जिंकला होता. तेव्हापासून फौजेला एकच धास्ती: आपण केलं, तेच कुणीतरी आपल्याला करणार. म्हणून वेशीत शिरणाऱ्या प्रत्येक गाडीत आधी भाला खुपसायचा, मग रामराम. हळूहळू दरबारालाही तेच वळण लागलं. नदीपलीकडच्या राजाकडून लग्नाचं आमंत्रण आलं तरी महाराज सेनापतीकडे बघायचे, सेनापती मिशी पिळायचा आणि प्रधान शहाण्यासारखा म्हणायचा, "डाव आहे, महाराज."

एका वर्षी पाऊस पडलाच नाही. विहिरी आटल्या, नदीही कोरडी पडली. सेनापतीची नात तहानेने रडायची, आणि डोळ्यांतलं पाणी वाया जाईल म्हणून मध्येच गप्प व्हायची.

अशात एका सकाळी पलीकडच्या सात गाड्या वेशीवर आल्या. गवताने गच्च भरलेल्या. सारं गाव गोळा झालं.

"आमच्या तळ्यात अजून पाणी आहे," पुढच्या गाडीवरचा म्हातारा गाडीवान म्हणाला. "तुमच्यासाठी मडकी भरून आणलीत. फुटू नयेत म्हणून गवत घातलंय. तेवढं हातानं काढा हो, सेनापती."

"आजोबा, हातानंच काढा ना!" नात म्हणाली.

सेनापती क्षणभर थबकला. पण सगळी फौज त्याच्या मिशांकडे बघत होती.

"आमचे पणजोबाही असंच गोड बोलले होते," तो म्हणाला. "खुपसा!"

खळ्ळकन आवाज झाला. फळ्यांमधून पाणी गळू लागलं. सेनापतीला कळलं, पण त्या फौजेत खुपसायची आज्ञा होती, थांबायची कुणी बनवलीच नव्हती. तो "अरे, अरे!" करीत राहिला आणि शिपाई शिस्तीत सातव्या गाडीपर्यंत पोचले. लोक गुडघे टेकून ओला चिखल फडक्यात पिळू लागले.

गाडीवानाने स्वतःच्या पिण्याचा तांब्या नातीच्या हातात दिला. मग बैल माघारी वळवले. दोन शिव्या दिल्या असत्या, तर सेनापतीला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सेनापती माफी मागायला निघाला. भाला नाही, फौज नाही. गाडीत फक्त गवत आणि भरपाईची नवी मडकी. पलीकडच्या वेशीला कधी दार नव्हतं. आज होतं.

"थांबा!" दारावरचा शिपाई म्हणाला आणि त्याने कोरा करकरीत भाला गवतात खुपसला. खळ्ळ!

"राग मानू नका हं, आजोबा. कालपासून रीत लागलीय. तुमच्याकडचीच आहे."

सेनापतीची मान अशी खाली गेली, की त्या दिवशी वेशीत आधी पागोटं शिरलं आणि मिशा मागून.

तात्पर्य (मिशा असतील त्यांनी दोनदा वाचावं): फौजेची भीती दरबारात जाऊन बसली, की राज्य तीच चालवते, आणि नसलेला शत्रू शेवटी आपल्याच हाताने तयार करते.