कबुतर आधी की जासूद?

"कबुतर देवकोटहून एका प्रहरात येतं, आणि तुला चार दिवस लागतात? वाटेत झोपा काढतोस काय रे?" रत्नपूरचे महाराज रणधवल कडाडले.

सुभानजी जासूद खाली मान घालून उभा. वीस वर्षं त्यानं देवकोटचे खलिते पायी पोचवले होते. डोंगर चढताना न अडखळणारा हा गडी महाराजांपुढे मात्र ततपप करायचा!

"सरकार, कबुतर आभाळातून येतं. सरळ अठरा कोस. माझी वाट घाटाची. वळणं घेत घेत चाळीस..."

"सबबी नकोत! उद्या सकाळी तू आणि कबुतर, दोघंही देवकोटला निघा. कबुतर आधी पोचलं, तर तुझी जासुदी गेली!"

तेवढ्यात दारातून आवाज आला, "कबूल, महाराज!"

ती होती त्याची लेक, गोजरी. बापाची भाकरी घेऊन आली होती. सुभानजीनं कपाळावर हात मारला. दरबार खो खो हसला. गोजरीची मान मात्र ताठ!

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताच महाराजांनी स्वतः कबुतराच्या पायाला चिठ्ठी बांधली आणि ते उडवलं. सुभानजी धोतर खोचून निघणार, तोच गोजरीनं त्याला थांबवलं.

"घाई कशाला, बाबा? जरा वर बघा की!"

कबुतरानं आभाळात दोन गिरक्या मारल्या आणि ते खुशाल राजवाड्याच्या सज्ज्यावर येऊन बसलं. महाराजांनी टाळ्या वाजवल्या, शुक् शुक् केलं. ते आपलं घुमतंय!

"हे जात का नाही?"

"कशाला जाईल, महाराज? त्याचं घर इथं आहे. पाखरू घराकडे उडतं, घरातून परगावी नाही."

"मग देवकोटला पोचतं कसं?"

"माझ्या बाबांच्या डोक्यावरून! टोपलीत बसून, दाणे टिपत, चार दिवस घाट बघत जातं."

महाराजांनी सुभानजीकडे पाहिलं. "खरं का रे?"

"ह... होय सरकार. वर मानेवर घाण करतं, ते वेगळंच."

दरबारी तोंडावर उपरणं धरून खुसखुसू लागले.

"आता हिशेब तुम्हीच करा, महाराज," गोजरी म्हणाली. "देवकोटला पोचायला बाबांना लागतात चार दिवस, पायी चालून. कबुतरालाही चार दिवसच, आणि तेही टोपलीत बसून! मग सांगा, वाटेत झोपा कोण काढतं?"

मग महाराज असे हसले, की सज्ज्यावरचं कबुतर दचकून उडालं!

"हरलो, पोरी! काय हवं ते माग."

"बाबांना एक घोडा द्या. आणि तो घाटात चालणारा असू द्या, आभाळात उडणारा नको!"

महाराजांनी पागेतली सर्वांत तरतरीत घोडी सुभानजीला दिली. आता तो दोन दिवसांत देवकोट गाठतो, आणि कबुतर त्याच्यापुढे खोगिरावरच्या टोपलीत बसून ऐटीत घाट बघत जातं.