टिटवीच्या तोंडाशी दोन पोती

मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी. आकाश निरभ्र, पाण्यावर गुडघाभर धुके, वारा नाही.

अशा सकाळी एका धरणाच्या फुगवट्याच्या काठावर एक वृद्ध नावाडी आपल्या जुन्या मोटारबोटीशेजारी उकिडवा बसला होता. सगळे त्याला तात्या म्हणत. बोटीचे नाव टिटवी, वय सत्तावीस वर्षे. पायांना लांब फळ्या बांधायच्या, बोटीमागच्या दोरीचा दांडा धरायचा आणि बोटीने ओढले की पाण्यावर उभे राहून घसरत जायचे, असा जो खेळ आहे, तो टिटवीने या पाण्यावर कित्येकांना शिकवला होता.

तात्यांचा एक शिष्य होता. वय पस्तिशीचे, पूर्वी ट्रॅक्टर दुरुस्त करणारा. दोन वर्षे त्याने टिटवीची मनोभावे सेवा केली होती. बोटीच्या मागच्या फळीवर बोटाच्या पेराने टकटक करून आवाज कुठे बोदा येतो ते त्याने ऐकले आणि कुजलेला तुकडा काढून नवा बसवला. इंजिनाला पाणी पुरवणाऱ्या पंपाची रबरी फिरकी बदलली. दोरीचा हूक ज्या बोल्टांवर तोलला जातो, ते एकेक काढून पारखले. बुडाचे बूच न लावता बोट पाण्यात ढकलण्याची चूक त्याने एकदाच केली.

मात्र बोट चालवायचे चाक अजून त्याच्या हाती आले नव्हते. तात्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते, "तुझ्या हातची टिटवी पाण्यात बसलेल्या माणसाला ज्या दिवशी उभं करील, त्या दिवशी चाक तुझं."

शिष्याच्या मनात राहिले ते चाक. आधीचे शब्द निसटले. त्याने जास्त पिळाचा नवा, चकचकीत पंखा आणून इंजिनाला बसवला. पंख्याचा पीळ जितका जास्त, तितकी बोट एका फेऱ्यात पुढे जाते. टिटवी ताशी सत्तेचाळीसवरून अठ्ठावन्न किलोमीटरवर गेली. सत्तावीस वर्षांत ती इतकी धावली नव्हती.

"आज चाक मिळणार ना, तात्या?" त्याने विचारले.

"आज शेठ येणार आहेत. त्यांना विचारू," तात्या म्हणाले.

शेठ म्हणजे तालुक्याच्या गावचे भुसार व्यापारी. वय एकावन्न, वजन एकशे आठ किलो. सोबत पत्नी होती, हातात डब्याची पिशवी.

"यांना कुठून हे सुचलं कोण जाणे," ती तात्यांना म्हणाली. "घरी स्टुलावर चढून दिवा बदलत नाहीत. म्हणे पाण्यावर उभं राहायचंय."

"अगं, गावाने मला गादीवर बसलेलं पाहिलंय, गाडीत बसलेलं पाहिलंय," शेठ फळ्यांचे पट्टे आवळत म्हणाले. "उभा असा कुणी पाहिलाच नाही. मीसुद्धा नाही. एकदा पाहावं म्हटलं."

ते गळ्यापर्यंत पाण्यात बसले. तात्यांनी चाक धरले. शिष्य मागे तोंड करून दोरीवर नजर ठेवून बसला. दोरी ताठ झाली. इंजिन ओरडले, टिटवीचे तोंड आभाळाकडे उचलले गेले, शेपूट पाण्यात रुतले. शेठ पाणी कापत फरफटले आणि दांडा त्यांच्या हातून सुटला. दुसऱ्या वेळी तेच. तिसऱ्या वेळी नाकातोंडात पाणी गेले आणि ते बराच वेळ खोकत राहिले.

काठावर आल्यावर त्यांनी अंगातले तरंगते जाकीट सोडायला घेतले. "राहू द्या. आमच्या वजनाला पाणी राजी नाही."

"वजन जरा जास्तच आहे तुमचं," शिष्य म्हणाला. "बोटीत काही कमी नाही हो. रिकामी अठ्ठावन्नने पळते."

शेठ हसले, पण जाकिटाची दुसरी गाठ सोडू लागले.

"पाऊण तास थांबा, शेठ," तात्या म्हणाले. "डबा उघडा तोवर."

त्यांनी बोटीमागे टांगलेले इंजिन वर कलते करून शिष्याने बसवलेला चकचकीत पंखा काढला. खोपटातून जुना, कमी पिळाचा, कानशीचे ओरखडे उमटलेला पंखा आणून शिष्याच्या हाती दिला. "बसव." तो बसवून होताच काठावरच्या वाळूच्या दोन पोत्यांकडे बोट दाखवले. "ही टिटवीच्या तोंडाशी ठेव."

शिष्याचा संयम सुटला. "तात्या, आधी तिला मंद केलीत, आता जड करताय? जी बोट एक माणूस उचलत नाही, तिच्यात वर दोन पोती?"

"पोतीच हवी असतील तर मला पुढे बसवा. वाळू कशाला वाया घालवता?" पुरीचा घास थांबवून शेठ म्हणाले. मग त्यांची नजर टिटवीवर स्थिरावली. "पण बरोबर आहे हो यांचं. ट्रकमध्ये सगळा माल मागे भरला, की घाटात पुढची चाकं रस्ता सोडतात. आमचे हमाल पहिलं पोतं केबिनला टेकवूनच लावतात."

शिष्याने पोती उचलून ठेवली, पण त्याचा चेहरा उतरलेलाच होता. "पोत्यांचं कळलं," तो हळू म्हणाला. "पंखा का काढला?"

तात्यांनी त्याला शेजारी बसवले. "तू ट्रॅक्टरवाला. चिखलात रुतलेली ट्रॉली कितव्या गियरला काढायचास?"

"पहिल्या."

"टॉपला का नाही? टॉपला तर ट्रॅक्टर जोरात पळतो."

शिष्याने काढून ठेवलेल्या चकचकीत पंख्याकडे पाहिले.

"टिटवीला तू एकटीनं धावायला तयार केलंस," तात्या म्हणाले. "फार मनापासून केलंस, मी पाहिलंय. पण तिला एकटीनं धावायचं नाही, तिच्या मागं दोरी आहे. दोरी बांधली की आपला वेग आपला राहत नाही. टोकाला जो असतो त्याचा होतो. तो गळ्यापर्यंत पाण्यात बसलेला असतो. अठ्ठावन्न त्याच्या काय कामाचे? तिसाच्या आत तो उभा राहतो. शून्यापासून तिथवर न्यायचं, तेवढंच आपलं काम. उभा राहिलेल्याला कुणीही ओढील."

थोड्या वेळाने शिष्य उठला आणि शेठजींसमोर जाऊन बसला. "शेठ, मघाशी वजनाचं बोललो ते चुकलं माझं. वजन तुमचं जास्त नव्हतं, बोट मी चुकीची लावली होती. अजून एकदा याल?"

शेठजींनी पत्नीकडे पाहिले. ती डब्याचे झाकण लावत म्हणाली, "माझ्याकडे काय बघताय? भिजलाच आहात."

चौथ्या वेळी चाक तात्यांकडेच होते. टिटवीचे तोंड मघापेक्षा कमी उचलले गेले. शेठजींचे खांदे वर आले, पाठ वर आली, गुडघे दिसले, आणि ते पुन्हा पाण्यात बसले. दांडा मात्र या वेळी त्यांनी सोडला नव्हता.

"आले होते," तात्या म्हणाले. "थोडक्यात राहिलं."

शिष्याने बोटीच्या तोंडाकडे पाहिले, मग काठाकडे. "तात्या, तोंड अजून वीतभर उचलतंय. तिसरं पोतं नाही आपल्याकडे." तो जरा अडखळला आणि काठाकडे वळून मोठ्याने म्हणाला, "वहिनी, पुढे येऊन बसाल का?"

"म्हणजे मी पोतं?"

"पोत्याला शेठ दिसत नाहीत, वहिनी. तुम्हाला दिसतील."

पाण्यातून शेठजींचा आवाज आला, "ये गं. पण ओरडू नकोस."

टिटवी काठाला आली. शिष्याने तिला जाकीट घातले, दोन पोत्यांच्या मधोमध मागे तोंड करून बसवले आणि बोटीची कड घट्ट धरायला सांगितले. तो वळला, तेव्हा चाकापुढची जागा रिकामी होती. तात्या मागच्या फळीवर, दोरीकडे तोंड करून बसले होते.

"तात्या?"

"मी मागं बघतो. तू पुढं बघ."

शिष्याने चाक धरले. "शेठ, गुडघे छातीशी घ्या. हात सरळ. स्वतःहून उठायला जाऊ नका, टिटवी उठवील. घाई नाही. तुम्ही म्हणाल तेव्हाच."

दोरी हळूहळू ताठ झाली. पाण्यावरचे धुके एव्हाना गेले होते.

"चल," शेठ म्हणाले.

दहा वाजून बारा मिनिटांनी, पाचव्या प्रयत्नात, शेठ उभे राहिले. वेग ताशी एकोणतीस. तेरा सेकंद ते उभे होते, मग डाव्या कुशीवर पडले. पत्नी ओरडली नाही. त्या दिवशी आणखी चार जण शिकायला आले. त्यांतले तिघे उभे राहिले. संध्याकाळी बोट काठाला लागेपर्यंत टिटवीचे चाक शिष्याकडे होते.