खिरीतला पाय

एका गावात एक भोळा माळी होता. त्याचं नाव मला ठाऊक आहे, पण ते माझ्या तोंडातून यायचं नाही. आपण त्याला माळीच म्हणू.

गावदेवीच्या देवळामागे झेंडूची बाग होती. रोज सकाळी परडीभर फुलं देवीला न्यायची, एवढंच त्याचं काम. एकदा पुजारी म्हणाले, "आज फुलं मोजकीच आण." तर हा दुपारपर्यंत मोजत बसला. तीनशे अकरा निघाली. देवी तोवर बिनफुलांची.

माणूस वाईट नव्हता. सांगाल ते करायचा. सांगाल तेवढंच करायचा, हीच पंचाईत.

त्याच गावात भिकोबा आचारी होता. उत्सवाचा स्वयंपाक दरवर्षी त्याच्याकडे. त्याला सगुणा नावाची एकच लेक. सगुणेला अक्षर येत नव्हतं, पण एकदा ऐकलेलं ती विसरायची नाही, आणि त्याचा तिला भलताच गर्व. एकदा फुलपाखरं बघायला शहरातले एक मास्तर आले आणि महिनाभर धर्मशाळेत राहिले. सगुणा त्यांना भाकरी पोचवायची आणि ते बोलतील ते ऐकत बसायची. मास्तर गेले. त्यांचं बोलणं सगुणेच्या डोक्यात राहिलं. मग कुंपणाशी उभी राहून ती ते माळ्याच्या डोक्यात भरू लागली.

"फुलपाखरू पायाने चव घेतं," ती म्हणाली. "पानावर बसलं की आधी पाय आपटतं, टपटप. पान कडू की चांगलं ते पायालाच कळतं. मग ठरवतं, अंडी घालायची की उडून जायचं."

"आणि तोंड?"

"तोंडाची सोंड असते. गुंडाळून ठेवलेली. रस प्यायचा असला की सोडायची."

"आणि वास?"

"डोक्यावर दोन मिशा असतात ना, त्यांनी."

माळ्याने आपली मिशी चाचपली. त्याची मिशी पंचक्रोशीत नावाजलेली होती.

"कान कुठे असतात मग?"

"आपल्यासारखे नसतातच. काही फुलपाखरांना पंखांच्या बुडाशी ऐकू येतं."

माळ्याने दोन्ही हात वर केले. "आता बोल," म्हणाला. थोडं ऐकलं. "हो, असं जास्त चांगलं ऐकू येतंय."

सगुणेला तो आवडला. आता अशा माणसात काय आवडलं ते विचारू नका. आवडला.

भिकोबाच्या कानावर गेलंच. त्याने माळ्याला बोलावलं. "उत्सवाला आठ दिवस आहेत. तोवर माझ्या हाताखाली राहा. नैवेद्य नीट पार पडला तर पोरगी तुझी. तुझ्यामुळे नैवेद्य बिघडला, तर परत माझ्या दारात दिसायचं नाही."

"काय म्हणालात?" माळ्याने दोन्ही हात वर केले.

"मारत नाहीये मी. हात खाली घे."

पहिल्या दिवशी त्याला गूळ आणायला धाडलं. भिकोबाने बजावलं, "दुकानात चार माणसं बोलत असतात. मध्ये तोंड घालू नकोस."

माळी गुळाची ढेप घेऊन आला. भिकोबाने खडा जिभेवर ठेवला. खारट.

"चव नाही बघितलीस?"

"तोंड घालू नको म्हणालात."

"अरे बाबा, कुठलीही वस्तू घेण्याआधी चव बघून घ्यावी."

"बरं. पुढच्या वेळी बघतो."

गूळ परत गेला. यंदाची खीर साखरेची करायची ठरली.

पुढच्या वेळी वहाणा होत्या. लखू चांभाराकडे भिकोबाच्या नव्या वहाणा शिवून तयार होत्या, त्या आणायच्या. माळी घेऊन आला. एका वहाणेचा अंगठा चावलेला.

"ही कुत्र्याने नेली होती का रे?"

"नाही, मीच. चव बघितली. उजवी बरी आहे. डावी जरा तुरट लागते."

भिकोबाने वहाण त्याच्या हातातून काढून घेतली. मग म्हणाला, "वहाण तोंडाने नाही बघत. पायात घालून बघायची. पायाला बरोबर कळतं."

माळ्याचे डोळे लकाकले. सगुणाही हेच म्हणाली होती. दोन शहाणी माणसं एकच गोष्ट सांगतात, म्हणजे ती खरी असणार.

मग आलं तूप. "सोनाक्का गवळणीकडून घे. पण ती जुनं खपवते. वास घेऊन बघ, खवट नको."

माळी तूप घेऊन आला. मागोमाग सोनाक्काची तीन मांजरं आली. माळ्याची मिशी चकचकत होती आणि दोन्ही टोकांना थेंब लोंबत होते.

"वास घेतलास?" भिकोबाने विचारलं, पण त्याला उत्तर दिसतच होतं.

"घेतला. डाव्या बाजूनेही घेतला, उजव्या बाजूनेही घेतला. सोनाक्का म्हणाली, आता तूप-पोळी जेवलो म्हणून सांग सगळ्यांना. पण मी जेवलोच कुठे?"

भिकोबाने तुपातून केस काढले. सात निघाले. "हे बघ," तो म्हणाला, "अन्नात एक केस जाता कामा नये. अन्नाजवळ येताना माणूस कसा धुतलेला, गुळगुळीत हवा."

"बरं."

उत्सवाच्या सकाळी माळी आला तो ओळखूच येईना. मिशी गेलेली. शिवाय पायाच्या बोटांपासून गुडघ्यापर्यंत एक केस नाही. वस्तरा बोथट होता, त्यामुळे दोन्ही पायांवर कापल्याच्या बारीक बारीक रेघा.

"मिशीचं समजलं," भिकोबा म्हणाला. "पण पाय कशाला?"

"पायाचंच काम पडायचंय."

भिकोबाला काही उमगलं नाही. चुलाणावर दूध उतू जायला आलं होतं. तो ओरडला, "सगुणे, पोत्यातली साखर घाल."

सगुणा माळ्याच्या उघड्या ओठांकडे बघत होती. एवढी वर्षं मिशीखाली काय होतं ते आज पहिल्यांदाच दिसत होतं. तिने तशीच, पोत्याकडे न बघता, घातली. पाच पायल्या.

खीर झाली. खाली उतरवली, निवत ठेवली. भिकोबाला सर्दी होती, वास कळेना. तो कढईभोवती फिरत राहिला.

"रंगाला बरी दिसते," तो म्हणाला. "गोडी साधली का नाही, देवीलाच माहीत."

"बघा की चव."

"नैवेद्य आहे तो. कुणाचं तोंड लागलं की उष्टा झाला. मी पुजाऱ्यांना घेऊन येतो. तू इथेच थांब आणि कुणाचं तोंड लागू देऊ नकोस."

भिकोबा गेला. माळी विचार करत बसला. बिचारा आचारी जिवाला घोर लावून घेतोय. चव तर बघायला पाहिजे, तोंड तर लागता कामा नये. आता आपल्या बागेत बघा. प्रत्येक फुलावर फुलपाखरं पाय देऊन उभी राहतात, चव बघतात, जातात. तीच फुलं आपण देवीला वाहतो. आजवर कुणी म्हणालं का, फूल उष्टं आहे? म्हणजे पायाने उष्टं होत नाही.

त्याने पाय तीनदा धुतला. धोतर वर खोचलं. आणि उजवा पाय गुडघ्याएवढा खिरीत घातला.

तेवढ्यात ताशा वाजवत सगळं गाव आलं. पुढे पुजारी, मागे भिकोबा. ताशेवाल्याने आधी बघितलं. ताशा थांबला.

"काय करतोयस?" भिकोबाचा आवाज कसाबसा निघाला.

माळ्याला ऐकू आलं नाही. त्याने दोन्ही हात वर केले. एक पाय खिरीत, दोन हात आभाळात, आणि समोर गाव.

"काय करतोयस म्हणतो मी."

"चव बघतोय. तोंड नाही लागू दिलं."

कुणी हसलं नाही. सगुणेने डोळे मिटून घेतले. तिच्या लेखी लग्न त्या कढईत बुडालं होतं.

"आधी काहीच कळेना," माळी सांगू लागला. "म्हटलं, आपल्या पायात काही कमी आहे. आता कळलं. नुसतं झोंबतंय. आचारीबुवा, खीर खारट आहे."

"खीर खारट?"

"दुसरा पाय घालून बघू का?"

नैवेद्य तसाही गेलाच होता. भिकोबाने पळी बुडवली, थेंबभर तोंडात टाकला आणि तिथेच थुंकला. मग तो पोत्यांपाशी गेला. साखरेचं पोतं जसंच्या तसं, शिवणसुद्धा उसवलेली नाही. शेजारचं मिठाचं पोतं रिकामं.

सगळं गाव सगुणेकडे बघायला लागलं.

त्या वर्षी देवीला साखर-खोबऱ्याचा नैवेद्य झाला. पंगतीला आमटी-भात. आमटी अळणी, कारण मीठ सगळं खिरीत.

जेवणं झाल्यावर भिकोबाने माळ्याला जवळ बोलावलं. म्हणाला, "तुझ्यामुळे नैवेद्य बिघडला तर, असं मी बोललो होतो. तुझ्यामुळे नाही बिघडला. तू पाय घालायच्या आधीच माझ्या लेकीने तो बिघडवला होता. देवीपुढे मीठ जायचं ते तुझ्या पायाने वाचलं. आणि हिच्या हातचं जन्मभर खायचं, तर तोंडाने चव बघणारा नवरा काय कामाचा? घेऊन जा."

"काय म्हणालात?"

"हात वर कर, मग सांगतो."

लग्न झालं. मंगलाष्टकं संपेपर्यंत नवरा हात वर करून उभा होता. अक्षता सगळ्या काखेत गेल्या.

इथवर त्यांना अरे-तुरे केलं ते गोष्टीपुरतं. नवऱ्याचं नाव मात्र गोष्टीतसुद्धा घेऊ नये, म्हणून नाही घेतलं. सगुणा ती मीच. मिशी त्यांनी पुन्हा वाढवली, मीच वाढवायला लावली, नाहीतर रोज मीठ जास्त पडलं असतं. अजूनही ताट वाढलं की मी आधी त्यांच्या पायांकडे बघते.

गाव अजून त्यांना भोळा म्हणतं. म्हणो बापडं. मी बोलायला तोंड उघडलं की ते दोन्ही हात अंगाशी घट्ट आवळून बसतात. विचारलं तर सांगतात, काही ऐकूच येत नाही.

कान कुठे असतात, ते मीच शिकवलं होतं.