झिलूचं गुप्त वारूळ

कणेरवाडीत एक भोळा झिलू राहायचा. भोळा म्हणजे किती? "जरा वारा येऊ दे" म्हटलं, की हा दार उघडून वाऱ्याला "या, बसा" म्हणायचा. मिशी आली, लग्न झालं, हातात मोठा फोन आला, पण अक्कल होती तिथंच राहिली.

त्याच्या बायकोला, सुगंधाला, सातवा महिना लागला आणि तिला अळंब्यांचे डोहाळे लागले. दुसरं काही तोंडात धरवेना. आता रानातली अळंबी उगवतात वारुळावर, आणि कुठल्या वारुळावर, ते जो तो आपल्यापाशी ठेवतो. झिलूच्या आईला तिच्या सासूनं अशी दोन वारुळं दाखवली होती. तिनं नवऱ्यालासुद्धा त्यांचा पत्ता लागू दिला नव्हता. पण यंदा तिचा गुडघा धरला होता, सुगंधाला चढण चढवत नव्हती, आणि घरात तिसरं माणूस म्हणजे झिलू. करते काय बिचारी!

"करवंदीच्या जाळीमागच्या वारुळार कळे इले काय बघून ये," आई म्हणाली. "आज हात लावू नको. उद्या फुलतील, मगे काढू. आणि ह्या कानाचां त्या कानाक कळता नये, सांगान ठेवतंय!"

झिलूनं लगेच उजव्या कानात कापूस कोंबला. आता डाव्या कानानं ऐकलेलं तिकडं जातंय कसं!

वारुळातून पांढरे कळे डोकी वर काढत होते. झिलूला इतका आनंद झाला, की त्यानं फोटो काढला. आई कानांचं बोलली होती, डोळ्यांचं नव्हती. फोननं विचारलं, "जागा दाखवू का?" झिलू म्हणाला, "दाखव." फोननं विचारलं, "तुमच्या ओळखीच्या सगळ्यांना कळवू का?" झिलू म्हणाला, "कळव." इतक्या अदबीनं त्याला वाडीत कुणी कधी विचारलं नव्हतं. मग त्याला "नाही" तरी कसं म्हणायचं?

सकाळी वारुळावर नुसती भोकं होती आणि चिखलात चपलांचे ठसे.

"मेल्या, कोणी काय इचारल्यान की आपलां सगळां सांगान मोकळो होतंस?" आई कडाडली. "ह्याच्याफुडे कोणी इचारल्यान तर 'नाय' म्हणान सांगाचां. फोन असो नायतर माणूस!"

"बरां," म्हणाला झिलू. आणि झिलू शहाणा झाला.

दुपारी दवाखान्यातल्या नव्या नर्सबाई आल्या. वाडीत त्यांची ही पहिलीच खेप.

"सुगंधा इथंच राहते ना?"

"नाय."

"घरात कोणी गरोदर आहे?"

"नाय."

"म्हणजे तुम्ही तिचे यजमान नाही?"

"नाय."

आतून सुगंधा पोट सावरत बाहेर आली. "मगे तुम्ही माझे कोण? नवरे मां?"

आता हाही प्रश्नच. झिलू म्हणाला, "नाय."

नर्सबाईंची समजूत घालता घालता आईच्या तोंडाला फेस आला. त्या गेल्यावर तिनं झिलूला पुढ्यात बसवलं. "अरे, माणूस बघून बोलाचां. आपल्या माणसाक सांगाचां, परक्याक नाय."

"बरां," म्हणाला झिलू. आणि झिलू आणखी शहाणा झाला.

संध्याकाळी शेजारची भागीकाकी रव्याचे लाडू घेऊन आली. भागीकाकीपेक्षा आपलं माणूस कोण? तिनं सहज विचारलं, "कशी आसा रे सुगंधा?" झिलूनं सगळं सांगितलं. रात्री घोरते. पाय सुजलेत. परवा आईवर रुसून जेवली नाही. "आणि काकी, तुझे लाडू ती बैलाक घालता. म्हणता, बैलाचे दात घट्ट आसत."

काकीनं डबा काखोटीला मारला आणि चालू पडली.

"आपलां माणूस झालां म्हणान सगळां सांगाचां नसता रे बाबा," आई रडकुंडीला आली. "काय काय गोष्टी पोटात ठेवच्यो."

"बरां," म्हणाला झिलू.

राहिलं एकच वारूळ. सुगंधा तोंडानं काही मागत नव्हती, नुसती चुलीकडे बघत बसायची, आणि आईला ते बघवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं झिलूला जवळ ओढला आणि त्याच्या कापूस नसलेल्या कानात सांगितलं, "सड्यार कुंभ्याच्या झाडाखाली दुसरां वारूळ आसा. ह्यां शेवटचां. कळे इले काय बघ, आणि ही गोष्ट पोटात ठेव."

झिलू चढण चढून सड्याच्या उघड्या माळावर गेला. कळे आले होते. त्यानं फोटो काढला नाही. फोननं काही विचारलं, तर "नाय" म्हणाला. खोटं कशाला बोला, इथपर्यंत पोरगं अगदी बरोबर होतं.

घरी येऊन तो गोष्ट पोटात ठेवत बसला. पण गोष्ट राहीना. सारखी घशाशी येऊ लागली. तो वरून तांब्याभर पाणी प्यायला. त्यानं पोटाला पंचा करकचून बांधला. दिवेलागणीला ती थेट जिभेवर आली. तेव्हा त्याला आठवलं, आपल्या माणसांना सांगायचं असतं. आणि वाडीच्या ग्रुपवर तर सगळी आपलीच माणसं! त्यानं लिहिलं:

"सड्यावर कुंभ्याच्या झाडाखाली आमचं गुप्त वारूळ आहे. उद्या सकाळी अळंबी फुलतील. सुगंधाला त्यांचे डोहाळे आहेत. आईचा गुडघा दुखतो, त्यामुळे आम्हाला पोचायला उशीर होईल. तरी ही गोष्ट सगळ्यांनी पोटात ठेवावी, ही विनंती."

"नक्की ठेवू," वाडीनं उलट कळवलं.

वाडी दिल्या शब्दाला जागली. दुसऱ्या दिवशी दुपारी घराघरांतून अळंब्यांच्या रश्शाचा वास सुटला. पण डोहाळकरणीला टाकून खाणार कोण? प्रत्येक घरातून एकेक वाटी सुगंधाकडे आली. भागीकाकीसुद्धा आली. वाटी आपटून म्हणाली, "बैलाक घालू नको हां!" सुगंधा पोटभर जेवली, बोटं चाटली आणि तीन दिवसांत पहिल्यांदा हसली.

आई मात्र उंबऱ्यावर डोकं धरून बसली होती. "सासून दाखवलेलां शेवटचां वारूळ गेलां माझां! मेल्या, गोष्ट पोटात ठेव म्हणान सांगलंय मां तुका?"

"ठेवलंय मगे!" झिलू म्हणाला. "माझ्या एकट्याच्या पोटात मावाक नाय, म्हणान सगळ्या वाडीच्या पोटात ठेवलंय."