लाभाचा लाडू

एकदा काय झालं, घाटाच्या पायथ्याशी केरूशेट नावाचे धान्याचे व्यापारी राहायचे. डोळे मिटून पायली-पायली धान्य मोजतील असा माणूस, पण आपल्या पाच वर्षांच्या लेकीला, सगुणीला आकडे शिकवताना पार मेटाकुटीला आला.

त्याचं असं होतं, बरं का. दुकानात धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, देवाची आठवण म्हणून 'लाभ' म्हणतात. मग दोन, तीन. सगुणी ते ऐकायची. घरी बाबा शिकवायचे एक, दोन, तीन. पोरीनं दोन्ही जोडून टाकलं.

शेटजींनी तीन चिंचोके मांडले. सगुणी म्हणाली, लाभ, एक, दोन. मग वाट्या मांडल्या. लाभ, एक, दोन. मग म्हणाले, बरं, दोन लाडू घे. तिनं तीन उचलले.

"अगं, लाभ म्हणजेच एक."

"लाभ देवाचा ना, बाबा? मग तो आपल्यात कसा मोजायचा?"

शेटजी कपाळाला हात लावून ओट्यावर जाऊन बसले.

मग एकदा बापलेक लाडवांचा डबा घेऊन बैलगाडीनं बाजाराला निघाली. घाटात राक्षस आडवा. हे एवढं पोट, पण शंभर वर्षांत कधी न भरलेलं. म्हणाला, तीन लाडू मोजून द्या, कमीजास्त झालं तर बैल माझे. आणि व्यापाऱ्याच्या मोजण्यावर माझा भरवसा नाही. पोरीला मोजू दे.

शेटजी खाकरले, खुणावून दमले. पोरगी आपली डबा उघडून बसली.

"लाभ, एक, दोन, तीन."

शेटजींनी बैलांच्या पाठीवरून शेवटचा हात फिरवला.

"हे चार झाले," राक्षस गुरगुरला.

"तीनच आहेत. पहिला लाभ. तो मोजायचा नसतो, नुसता द्यायचा असतो."

राक्षस लाडवांवर वाकला. आजवर सगळ्यांनी त्याला मोजूनमापूनच दिलं होतं. त्यानं तो पहिला लाडू तोंडात टाकला आणि असा ढेकर दिला, की घाटातल्या करवंदाच्या जाळ्या हलल्या. पोट भरलं होतं.

मग उरलेले लाडू त्यानं स्वतः मोजत सगुणीच्या ओंजळीत परत ठेवले.

"लाभ, एक, दोन."

शेटजींचा हात पुन्हा कपाळाला गेला. आता दोघांना शिकवायचं.

शिकवलं बरं का, दोघांनाही. राक्षस चढावर गाड्या ढकलू लागला, दुकानात मापावर एक मूठ न मोजता पडू लागली, आणि सगळी सुखात राहिली. चला, मिटा डोळे. लाभ... एक... मिटले ना दोन्ही? झोपा आता.