गोटूचा गोळा आणि अजून एक भोपळा

हा गोटू. गोटू शेणकिडा. केवढा? हरभऱ्याएवढा.

गोटूने केला शेणाचा गोळा. मस्त गोल गोल! "शीऽऽ" म्हणू नका हं. गोटूचा तो लाडू आहे!

गोटू मागे, गोळा पुढे. गडगड गडगड.

वाटेत होती पिकअप गाडी. तिच्या मागे ट्रॉली. ट्रॉलीत भोपळेच भोपळे. गोळा गेला ट्रॉलीखाली. चाक आणि चाकामागच्या दगडाच्या मध्ये अडकला. गच्च!

"चाकदादा, चाकदादा, जरा हल ना!"

"मी नाही हलणार. पिकअप ओढेल, तर हलेन."

गोटू गेला पिकअपकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"पिकअपताई, पिकअपताई,
चाक हलेना,
गोळा सुटेना.
तू जरा ओढ ना!"

"घुर्र घुर्र फुस्स! मी नाही ओढणार. भोपळे उतरतील, तर ओढेन."

गोटू चढला भोपळ्यांवर. तुरुतुरु तुरुतुरु.

"भोपळेदादा, भोपळेदादा,
पिकअप ओढेना,
चाक हलेना,
गोळा सुटेना.
तुम्ही जरा उतरा ना!"

"आम्ही नाही उतरणार. वेणूकाकू उतरवेल, तर उतरू."

वेणूकाकू आली आणखी एक भोपळा घेऊन. "अजून एक! बसेल, बसेल!" गोटू गेला काकूकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"काकू, काकू,
भोपळे उतरेनात,
पिकअप ओढेना,
चाक हलेना,
गोळा सुटेना.
तू जरा उतरव ना!"

"मी नाही उतरवणार! सगळे एकदम बाजारात नेणार. एवढी मोठी पिकअप, ओढेल की!"

गोटूला आला राग. त्याने पाय आपटले. सहाच्या सहा!

"काकू, मी रोज ओझं ढकलतो. एकदा केला गोळा भला मोठा. उतारावर गोळ्यानेच मला ढकललं! मी खाली, गोळा वर!"

काकू खो खो हसली. मग वळून बघते तर काय? पिकअपचं बूड खाली, तोंड वर. पुढची चाकं अधांतरी!

"अगं बाई! ही तर ढगांकडे बघतेय! अशी वळणार कशी? थांबणार कशी? अर्धे आता, अर्धे मग!"

काकूने उतरवले.
भोपळे उतरले, धप धप धप.
पिकअपने ओढलं, घुर्रर्रर्र.
चाक हललं, खडाक.
गोळा सुटला, गडगड गडगड!

तेवढ्यात आली काकूची म्हैस. थप्प! केवढं शेण! डोंगराएवढं!

"घे गोटू, सगळं तुझं!"

गोटूने बघितलं डोंगराकडे. मग बघितलं आपल्या गोळ्याकडे.

"आज एवढंच, काकू. बाकीचं उद्याच्या खेपेला!"

आणि निघाला. गोटू मागे, गोळा पुढे. गडगड गडगड घरी.