तांबूला कुणी विचारलंच नाही

एका घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक जीनगर राहायचा. जीनगर म्हणजे घोड्यांची खोगिरं शिवणारा माणूस. आता घोडेच कुठे दिसतात म्हणा! पण तेव्हा घाट चढायचा तर घोडा, नाहीतर आपले दोन पाय. तिसरा उपाय नव्हता.

हा जीनगर मोठा विक्षिप्त. गिऱ्हाईक दारात आलं की त्याच्याशी रामराम व्हायच्या आधी हा घोड्यापाशी. डोळे मिटून घोड्याच्या पाठीवरून तळहात फिरवायचा, मानेमागचा उंचवटा चाचपायचा, पुन्हा फिरवायचा. लोक हसायचे. "काय हो, पत्रिका वाचताय का त्याची?" हा म्हणायचा, "वाचतोय. तुम्ही गप्प बसलात तर लवकर होईल." खोगीर तयार झालं की त्याखाली धुतलेलं पांढरं फडकं घालून घोडा दौडवायला लावायचा आणि मग फडक्यावरचे घामाचे डाग निरखत बसायचा. त्याच्या हातचं खोगीर घातलेला घोडा कधी बिथरला नाही, अशी त्याची ख्याती होती.

त्याला एकच मुलगी, गोदी. आपली विद्या आपल्याबरोबर सरणावर जायला नको, म्हणून जीनगराने गोदीसाठी असा नवरा शोधला जो सासऱ्याच्या घरी राहून काम शिकेल. मुलगा चांगला मिळाला. जोडे शिवणाऱ्याच्या घरातला, हातात कला, टाका असा बारीक की बघत राहावं. कष्टाळू होता, व्यसन नव्हतं. अडचण एकच. तो जावई होता!

तुम्ही म्हणाल, यात अडचण कसली? अहो, त्या मुलखात जावयाला उणा शब्द बोलायची रीतच नव्हती. पूर्वी जीनगराच्या हाताखाली दुसरे कारागीर शिकायचे, तेव्हा कुणी चूक केली की हा सगळे टाके उसवून टाकायचा आणि "डोळे गहाण ठेवलेत काय रे?" म्हणून ओरडायचा. जावयाने तीच चूक केली तर म्हणायचा, "छान झालंय हं, बापू. फक्त ही बाजू जमलं तर जरा बघा." जावयाच्या कानात 'छान' तेवढं शिरायचं. 'जरा बघा' बाहेरच राहायचं.

जावयाची पद्धतही निराळीच. दुकानात एक लाकडी घोडं होतं, शिवताना खोगीर ठेवायला. जावई गिऱ्हाइकाला त्या लाकडी घोड्यावर बसवायचा आणि विचारायचा, "कसं वाटतंय? टोचत तर नाही? मांडी अवघडते का?" बसणाऱ्याला बरं वाटलं की काम फत्ते. लाकडी घोडं तर काय, कधीच तक्रार करत नाही.

त्या गावात चंद्रामावशी नावाची सुईण होती. घाटावर पाच-सात वाड्या, तिथल्या बायका अडल्या की मावशीच जायची. वय झालेलं, गुडघे दुखणारे, म्हणून गावाने तिला एक घोडी दिली होती. तांब्यासारखा रंग, म्हणून नाव तांबू. इतकी गरीब की तिच्या पोटाखालून कोंबड्या फिरायच्या. मावशीचं जुनं खोगीर फाटलं, तेव्हा पंचांनी ठरवलं की गावातर्फे नवं करून द्यायचं. काम जावयाने अंगावर घेतलं.

काय खोगीर केलं म्हणता! कडेला लाल गोंडे, पुढे पितळी घुंगरू, बसायला उशीसारखी मऊ गादी. मावशी लाकडी घोड्यावर बसली आणि म्हणाली, "अगंबाई, पाटलिणीला नसेल असं सुख आहे हे!" सगळं गाव बघून गेलं. जीनगरानेही खोगीर उलटं करून आत बघितलं. आतली कमान अरुंद होती. तांबूची पाठ रुंद. त्याच्या लगेच ध्यानात आलं. तो खाकरला आणि म्हणाला, "छान झालंय हं, बापू. आतून जरा..."

"आतून आणखी लोकर भरतो ना, मामा," जावई म्हणाला आणि त्याने खरंच आणखी लोकर ठासून भरली. आता सांगा, तोकड्या जोड्यात जाड मोजा घातला तर पाय मोकळा होतो की आणखी आवळतो? जोडे शिवणाऱ्याच्या पोराला हे कळायला हवं होतं. पण कौतुकाची धुंदी वाईट.

महिना सरला नाही तोच तांबू बदलली. खोगीर बघितलं की कान मागे पाडायची. तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, आवळायला गेलं की पोट फुगवायची. एकदा मान वळवून जावयाच्या बाहीलाच दात लावले. जावई म्हणाला, "माजलंय जनावर. चंदी-दाणा कमी करा आणि तंग आणखी आवळा." तसं केलं. मग एका सकाळी घाटाच्या वळणावर तांबूने मागचे पाय झाडले आणि मावशी खाली आली. नशीब, झुडपात पडली. मनगट मुरगळलं, बाकी वाचली.

पंच बसले. "घोडी खोडील झाली, बाजारच्या दिवशी विकून टाकू. दुसरी मिळेल तेव्हा मिळेल," असं ठरलं. मावशी ढसाढसा रडली. "माझ्या मनगटाचं सोडा हो. वरच्या वाडीतल्या धनगराच्या सुनेचे दिवस भरत आलेत. पोर पहिलटकरीण आहे. घोडी गेली तर मी वर जाणार कशी? आणि माझी तांबू अशी नव्हती हो, खरंच नव्हती!"

हे सगळं जीनगराने ऐकलं आणि त्याला जेवण जाईना. गोदीने विचारलं, "बाबा, तुम्हाला कळलंय ना काय झालंय ते?"

"कळलंय गं. पण जावई म्हणजे दशम ग्रह. त्याला कसं बोलू?"

गोदी बापासारखीच फटकळ. ती म्हणाली, "तुम्ही त्यांचा मान राखताय आणि त्यापायी त्या मुक्या जिवाची पाठ सोलून निघतेय. ते शिकायला आलेत ना इथे? मग शिकवा की! नुसतं छान छान करून कुणी शहाणं होतं काय?"

जीनगर उठला, एक पांढरं फडकं काढलं आणि जावयाला म्हणाला, "बापू, हे खोगिराखाली घाला आणि तांबूला ओढ्यापर्यंत दौडवून आणा. वर कुणी बसू नका, नुसतं लगाम धरून पळवा. मग फडक्यावर काय दिसतं ते मला सांगा."

जावई घामाघूम होऊन परत आला, घोडी त्याच्याहून जास्त. खोगीर काढलं. फडकं सगळं भिजलेलं, पण पुढच्या बाजूला, कण्याच्या दोन्हीकडे तळहाताएवढे दोन डाग अगदी कोरडे ठणठणीत.

जावयाचा चेहरा खुलला. "बघा मामा! इथं घामसुद्धा नाही. म्हणजे इथं तिला काहीच त्रास नाही."

झालं! इतका वेळ कोंडलेली वाफ बाहेर आली. जीनगर ओरडला, "चुकलंय तुमचं! साफ चुकलंय! अहो, तिथं इतकं दाबलंय की घामालाही फुटायला जागा नाही!" दारात उभ्या सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. जीनगराने जावयाचं मनगट धरलं आणि त्याचा हात त्या कोरड्या जागी ठेवला. हात नुसता टेकला, तशी तांबूची सगळी कातडी थरथरली आणि तिने पाठ खाली घातली. डोळे मात्र तिने मिटून घेतले, आता काय व्हायचं ते होऊ दे म्हणून.

जावयाने हात काढून घेतला आणि विचारलं, "मामा, हे तुम्हाला आधीच दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"मग तेव्हाच का नाही ओरडलात?"

जीनगराची मान खाली गेली.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. तांबूला दावं लावून चावडीपुढे आणलं होतं. जावई गप्प बसला असता तर कुणाला काही कळलं नसतं. घोडी विकली गेली असती आणि लाल गोंड्यांचं कौतुक तसंच राहिलं असतं. पण रात्रभर त्याच्या तळहाताला ती थरथर जाणवत होती. तो खोगीर डोक्यावर घेऊन चावडीवर गेला आणि पंचांपुढे उभा राहिला.

"घोडी खोडील नाही. खोगीर खोडील आहे. ते मी केलंय. मी मावशीला विचारलं, तांबूला विचारलंच नाही." एवढं बोलून त्याने कमरेची कातडं कापायची रापी काढली आणि सगळ्यांसमोर गोंडे, घुंगरू, गादी, सगळं कापून काढलं. काही जण फिदीफिदी हसले. "वा रे कारागीर!" असंही कुणी म्हणालं. त्याला ते लागलं, पण हात थांबला नाही.

तांबूचं दावं सोडलं. आता तिची पाठ बरी होईपर्यंत तिच्यावर काही ठेवायचं नाही, असं जीनगराने बजावलं. आणि नेमका त्याच दुपारी वरच्या वाडीहून धनगर धावत आला. सुनेला कळा सुरू झाल्या होत्या.

मावशीने घोडीकडे पाहिलं, घाटाकडे पाहिलं आणि मटकन खाली बसली. तेव्हा जावई म्हणाला, "मावशी, डोली आहे ना देवळात? मी उचलतो. आणखी तिघं या रे!" मघाशी हसणाऱ्यांतलेच तिघं पुढे झाले. मावशीला डोलीत बसवलं आणि चौघं घाट चढू लागले.

पहिल्या वळणालाच डोलीचा दांडा जावयाच्या खांद्यात रुतला. एकाच जागी. दर पावलाला तिथंच. दुसऱ्या वळणाला खांदा पेटल्यासारखा झाला. खांदा सोलला, सदऱ्याला रक्त लागलं. फेकून द्यावं सगळं, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला एकदम तांबूचे झाडलेले पाय आठवले.

डोलीतून मावशीचा आवाज आला, "बाळा, खांदा लागतोय का रे? थांबूया का जरा?"

आणि इतका दांडगा गडी, त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "नको मावशी," तो म्हणाला, "फक्त खांदा बदलतो. तुम्ही विचारलंत, तेच खूप झालं. तांबूला तर कुणी विचारलंसुद्धा नव्हतं."

वेळेवर पोचले. मुलगी झाली. दोघी सुखरूप. धनगराने चौघांना दूध पाजलं आणि जावयाच्या खांद्याला हळद लावली.

तांबूची पाठ भरून यायला बरेच दिवस लागले. त्या दोन जागी पुढे पांढरे केस उगवले आणि ते शेवटपर्यंत तसेच राहिले. दरम्यान जावई रोज तिच्या पाठीवरून हात फिरवायचा, डोळे मिटून, अगदी सासऱ्यासारखा. नव्या खोगिराची कमान त्याने कितीदा मोडली आणि कितीदा बांधली. आणि आता सासरा ओरडायचा. "हे काय केलंत? डोळे गहाण ठेवलेत काय हो?" जावई मुकाट्याने टाके उसवायचा. गोदी म्हणायची, "आत्ता कुठे हे घर झालं."

खोगीर तयार झालं. साधंच, ना गोंडा ना घुंगरू. मावशीला वर बसवून फेरी झाली, फडकं काढलं, तर ते सगळीकडे सारखं भिजलेलं. जावयाने सासऱ्याकडे पाहिलं. "मामा, कसं झालंय?"

जीनगर म्हणाला, "मला काय विचारता? जिच्या पाठीवर आहे तिला विचारा."

जावई तांबूपाशी गेला. तिने कान मागे पाडले नाहीत. लांब श्वास सोडला आणि आपली जड हनुवटी त्याच्या खांद्यावर टेकवली. नेमकी त्या दुखऱ्या खांद्यावर. खांदा ठणकला, पण तो जागचा हलला नाही.

तात्पर्य काय, तर वर बसणाऱ्याला सुख आहे का हे सगळेच विचारतात. खाली ओझं वाहणाऱ्यालाही विचारावं. आणि आपल्या माणसाची चूक दिसली तर मानापानापायी गप्प राहू नये, कारण आपल्या गप्प बसण्याचे वळ दुसऱ्याच कुणाच्या तरी पाठीवर उमटतात.